हेलियम, विजयदुर्ग आणि एक विसरलेला कॉलम

विजयदुर्गला जाऊन आलेला प्रत्येक जण 'साहेबाच्या ओट्यां'चा फोटो काढून आणतो आणि सांगतो, लॉकयर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ ला इथून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला! तिथे दरवर्षी हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट झकास आहे. पण लॉकयर त्या दिवशी इंग्लंडात होता, भारतात आलाच नव्हता. सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीतून पाहिली.

मग आपल्याकडे काय झालं? मला तर खरा किस्सा जास्त आवडतो. खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून थेट मच्छलीपट्टणपर्यंत गेली. वाटेत पटवर्धनांचं जमखंडी संस्थान (आता कर्नाटकात). तिथे रॉयल सोसायटीतर्फे लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. ढगांनी छळलं, पण मिळाल्या त्या फटीतून त्याला तीन रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमच्या नावावर टाकली! तीच हेलियमची. गुंटूरला जानसेनही होता. त्याने दुसऱ्या दिवशी, ग्रहणाशिवायही सूर्यावरच्या ज्वाळांच्या रेषा दिसतात हे दाखवलं, पण नवं मूलद्रव्य काही त्यालाही सुचलं नाही. ते लॉकयरला सुचलं. म्हणजे डेटा सगळ्यांकडे होता, मॅपिंग चुकलं होतं :)

आता गंमत बघा. ग्रहणानंतर सहा-सात महिन्यांत मेंडेलीव्हने आवर्तसारणी मांडली. न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा सोडल्या, त्याबद्दल त्याचं कौतुक आपण शाळेत वाचतोच. पण त्याने रिकामे सेल सोडले होते, अख्खा कॉलम नाही. आणि कसा सोडणार? त्याची मांडणी संयुगांवर उभी होती. जो वायू कशाशीच संयोग करत नाही, त्याची नोंद कुठून येणार?

१८९४ मध्ये रॅले आणि रॅमझे यांनी हवेतून आरगॉन काढला. सुगावा कशाचा? हवेतला नायट्रोजन रासायनिक नायट्रोजनपेक्षा लिटरला जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम जड भरत होता. दुसऱ्या कुणी 'राउंडिंग एरर' म्हणून फाईल बंद केली असती. आरगॉनचा अणुभार निघाला ४० च्या आसपास, म्हणजे पोटॅशियमच्या ३९ पेक्षा जास्त. सारणीत बसेना. मेंडेलीव्ह म्हणाला, हा तीन अणूंचा नायट्रोजन असेल! (२८ ची दीडपट ४२, अगदीच वेड्यासारखं नव्हतं ते.) पण विशिष्ट उष्म्यांच्या गुणोत्तरावरून वायू एकअणू निघाला.

मग मार्च १८९५ मध्ये रॅमझेला क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजात तीच पिवळी रेषा दिसली. २७ वर्षं फक्त सूर्यावर असलेला हेलियम आता नळीत होता. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन लागोपाठ आले. एकटा आरगॉन ही अडचण होती, पाच जण आल्यावर कुटुंब झालं. हॅलोजन आणि अल्कली धातूंच्या मध्ये नवा स्तंभ घुसवला, 'शून्य गण'. आमच्या यवतमाळच्या शाळेत सरांनी तो राजवायूंचा म्हणून पाठ करून घेतला होता, आता तो अठरावा. जुन्या एकाही मूलद्रव्याला शेजारी सोडावा लागला नाही. स्कीमा बदलून प्रॉडक्शन न पाडण्याचं याहून देखणं उदाहरण मला तरी माहीत नाही. पुढे मेंडेलीव्हनेही हा गण आपल्या सारणीत घेतला.