बाळगोळीपासून पाळणाघरापर्यंत : बालसंगोपनातील औषध व अपघात नोंदींचा इतिहास
(विशेष संदर्भ : शिरोळ तालुका)

प्रास्ताविक

दुसऱ्याचे मूल सांभाळणे हा महाराष्ट्रातील अत्यंत जुना, परंतु इतिहासलेखनात जवळजवळ अनुल्लेखित राहिलेला व्यवसाय आहे. आजी, मोठी बहीण, शेजारीण आणि अलीकडे घरीच पाळणाघर चालविणारी काकू किंवा मावशी, अशी या व्यवसायाची परंपरा सांगता येते. या परंपरेत मुलाला कोणते औषध, किती व केव्हा दिले आणि मूल पडले, भाजले, कापले तर ते कोठे व कसे, याची नोंद कोणी ठेवली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु जेथे नोंद नाही तेथे मुलाच्या इजेचे कारण सांभाळणारीच्या शब्दावर आणि पालकांच्या संशयावर अवलंबून राहते, व दोघांपैकी कोणालाही न्याय मिळत नाही.

बाळगुटी आणि बाळगोळी

पारंपरिक घरात औषधाचे माप होते, पण ते लिहिलेले नव्हते. मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ, सागरगोटा ही द्रव्ये सहाणेवर उगाळून तयार होणाऱ्या बाळगुटीची मात्रा वळशांनी मोजली जाई. वेखंडाचा एक वळसा, मुरडशेंगेचे दोन, आणि मूल वाढत जाईल तसे वळसे वाढत. गुटी उगाळणारी बाई एकच असेपर्यंत ही मौखिक नोंदपद्धती विश्वसनीय होती; हात बदलला की हिशेब तुटे. घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या स्मरणशक्तीला येथे नोंदवहीचेच स्थान होते, असे म्हणता येईल.

बाळगोळीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. या गोळीत अफू असे. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलास ती देऊन निजवीत व चाळीतील एखाद्या वृद्ध स्त्रीच्या स्वाधीन करीत. मुंबई सरकारने स्त्री कामगारांच्या प्रसूतिकालीन स्थितीची चौकशी डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांच्याकडे सोपविली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात स्त्री कामगारांच्या शेकडा ९८ अर्भकांना अफू दिली जात असल्याचे नमूद आहे. हा आकडा शब्दशः स्वीकारावा की नाही याविषयी मतभेद संभवतो. तथापि प्रघाताची व्यापकता त्यावरून निःसंशय स्पष्ट होते. इंग्लंडच्या गिरणगावांतही एकोणिसाव्या शतकात ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध याच कारणासाठी खपत होते. त्यामुळे हा दोष एखाद्या समाजाच्या अज्ञानाचा मानण्यापेक्षा दहा-दहा तासांच्या पाळीचा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

येथे नोंदीच्या अभावाचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. सकाळी आईने गोळी दिली आणि दुपारी मूल रडू लागले म्हणून सांभाळणारीनेही दिली, तर मात्रा दुप्पट होई. दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नसे. पहिलीने काय दिले हे दुसरीला ठाऊक नसे, इतकेच. अशा मृत्यूची नोंद अफूच्या नावे होण्याची शक्यता फारच थोडी होती. १९२१ मध्ये मुंबईचा अर्भकमृत्युदर हजारी ६५० हून अधिक दाखविला गेला, परंतु तोही नोंदींच्या दृष्टीने सदोषच होता. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. त्यामुळे जन्म गावी आणि मृत्यू मुंबईत, असा प्रकार घडे. म्हणजे जेथे सरकारी नोंद होती तेथेही मुलाचा पूर्ण वृत्तान्त एका वहीत नव्हता.

कायदा आणि त्याची चौकट

मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात पाठिंबा दिला होता. शिरोळ त्या वेळी कोल्हापूर संस्थानात होते आणि शेजारचे कुरुंदवाड पटवर्धनांच्या संस्थानात. त्यामुळे ब्रिटिश मुलखातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. कोल्हापूर संस्थानचे विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले आणि १९४८ चा कारखाने अधिनियम त्यानंतर एकाच महिन्याने, १ एप्रिल १९४९ पासून, अंमलात आला. शिरोळच्या दृष्टीने हा योगायोग उल्लेखनीय आहे.

या अधिनियमाच्या कलम ४८ नुसार पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक झाले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आली. खोली हवेशीर असावी, देखरेख प्रशिक्षित स्त्रीकडे असावी, अशा तरतुदी त्यात होत्या. याच अधिनियमाचे कलम ८८ अपघाताच्या सूचनेविषयी होते. त्याची भाषा बारकाईने पाहिली पाहिजे. ज्या अपघाताने मृत्यू होईल, किंवा जखमी व्यक्ती ४८ तास अथवा अधिक काळ काम करण्यास असमर्थ ठरेल, त्याची सूचना द्यावी, असे ते कलम सांगत होते. पाळणाघरातील दोन वर्षांचे मूल कामच करीत नाही. मग ते काम करण्यास असमर्थ कसे ठरणार? इजेचे माप बुडालेल्या कामाने घेतले गेले आणि त्या मापात मूल बसले नाही. कायद्याने मुलासाठी खोली दिली, वही दिली नाही.

शिरोळ तालुक्यात तर ही खोलीदेखील थोड्यांच्याच वाट्याला आली. येथील अर्थव्यवस्था कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या उसावर उभी आहे. साखर कारखान्याच्या हजेरीपटावर स्त्रिया थोड्या. आणि ज्या मोठ्या संख्येने राबतात त्या ऊसतोड मजूर स्त्रिया मुकादमाच्या टोळीत, नवऱ्यासह एका कोयत्यात मोजल्या जातात. मराठवाड्यातून हंगामासाठी येणाऱ्या या कुटुंबांची मुले फडाच्या बांधावर किंवा तळावरच्या खोपीत, बहुधा आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर असतात. साखरशाळांनी शाळेच्या वयाच्या मुलांची काही प्रमाणात सोय केली, परंतु त्याहून लहान मुले त्या कक्षेबाहेर राहिली. सांभाळणारी स्वतःच मूल असेल तर नोंद कोणी ठेवावी? शेजारच्या इचलकरंजीतील यंत्रमागांची स्थितीही फारशी निराळी नाही. लहान लहान शेडमधून विखुरलेल्या कामगारांना संख्येची अट असलेला कायदा सहसा गाठत नाही.

अंगणवाडीतील नोंदवह्या

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालवाडी अंगणापर्यंत नेली, हे सर्वज्ञात आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सेविकेच्या हाती प्रथमच पद्धतशीर नोंदवह्या आल्या. २०१२ च्या सुमारास झालेल्या पुनर्रचनेत त्यांची संख्या ११ ठरली. कुटुंब, आहाराचा साठा, आहारवाटप, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदरपण व प्रसूती, लसीकरण, अ जीवनसत्त्वाच्या फेऱ्या, गृहभेटी, संदर्भसेवा, गोषवारा आणि वजन, असे त्यांचे विषय होते. सेविकेकडे औषधपेटीही असते. परंतु या अकरा वह्यांत अपघाताची स्वतंत्र वही नव्हती. दवाखान्यात पाठविण्याइतकी इजा झाली तरच ती संदर्भसेवेच्या वहीत येण्याचा संभव होता. तांदळाचा साठा ग्रॅमपर्यंत लिहिला जाई, फुटलेल्या गुडघ्याला मात्र रकाना नव्हता. साठ्याची तपासणी होते, गुडघ्याची होत नाही, हे याचे साधे कारण असावे. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर या भ्रमणध्वनी प्रणालीकडे नोंदी वळल्या. तिचाही मुख्य भर पोषण, वाढ व हजेरी यांवरच आहे.

घरगुती पाळणाघर

इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांची नोंदणी १९४८ च्याच एका कायद्याने सुरू झाली. २००८ पासून लागू झालेल्या तेथील आराखड्यानुसार प्रत्येक अपघाताची व दिलेल्या प्रत्येक औषधाची लेखी नोंद ठेवणे आणि ती पालकांना कळविणे बंधनकारक आहे. आपल्याकडे २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर अनिवार्य केले व २०१८ मध्ये केंद्राने किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जयसिंगपुरातील एखाद्या सदनिकेत चार-पाच मुले सांभाळणारी गृहिणी आस्थापना या व्याख्येत येत नाही. तिच्याकडे शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी अशा नोकरदार माता मूल सोपवितात, त्याबरोबर औषधाची बाटलीही देतात आणि ‘काकू, दोन वाजता अर्धा चमचा द्या’ असे दारातच सांगून जातात. बाळगोळीच्या काळातील आई आणि ही आई यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, परंतु निरोपाची पद्धत तीच आहे. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर लागते. सकाळी आठला घरी दिलेली मात्रा काकूंना माहीत नसेल तर दुपारचा अर्धा चमचा निर्धोक आहे की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात लहान मुलीस मारहाण झाल्याचे उघडकीस आले. मुलीची इजा लक्षात आल्यावर पालकांनी तक्रार केली आणि कॅमेऱ्यातील चित्रणातून प्रकार पुढे आला. त्यानंतर पालकांची मागणी प्रामुख्याने कॅमेऱ्यांची होऊ लागली, ती समजण्याजोगी आहे. परंतु चित्रण तक्रारीनंतर पाहिले जाते. वही रोज संध्याकाळी, मूल नेताना, दोघींच्या समोर उघडता येते. तारीख, वेळ, औषधाचे नाव, मात्रा, देणारीची सही. आणि अपघात असल्यास जागा, इजा, केलेला उपचार व आईची सही. दोनशे पानी वहीत हे सर्व मावते. प्रामाणिक सांभाळणारीला अशा वहीचे संरक्षण अधिक आहे, कारण घरी पोहोचल्यावर दिसलेला टेंगळाचा डाग दुपारचा की सायंकाळचा, हा वाद त्या सहीने तेथेच मिटतो.

शिरोळच्या बाबतीत आणखी एक स्थानिक अडचण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तालुक्यातील अनेक गावांत पाणी शिरले व कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. अशा वेळी मूल छावणीत अपरिचित हातांत जाते, आणि त्याला कोणत्या औषधाचे वावडे आहे हे सांगू शकणारी व्यक्ती दुसऱ्याच गावी असू शकते. मुलाच्या लसीकरण कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच या वहीचे शेवटचे पान ठेवण्याची सवय पालकांनी लावून घेतल्यास जूनपूर्वीची ही तयारी फार खर्चाची नाही.