नकाशातली पांढरी

आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन रंग मानलेले आहेत. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. शहरात राहून आपण हे शब्द जवळजवळ विसरलो. त्यांची आठवण आम्हांस करून दिली ती संगणकावर नकाशे काढणाऱ्या एका तरुणाने, आणि तीही त्याच्या नकळत.

ह्या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही नकाशांच्या नव्या धंद्यातील चार-पाच मंडळींना मुद्दाम भेटलो. त्यांपैकी ह्या तरुणाने पडद्यावर एका खेड्याचा जुना नकाशा उघडला. शेतांचे तुकडे, बांध, ओढा, विहिरी, सारे जागच्या जागी होते. मध्यभागी मात्र एक कोरा ठिपका, आणि त्यावर ‘गावठाण’ एवढाच शब्द. “सर, सगळं गाव ह्या ठिपक्यात राहतं आणि नकाशात एकही घर नाही,” तो म्हणाला. जुन्या मोजणीदारांचा हा निष्काळजीपणा असावा, असा त्याचा समज होता. तो खरा नव्हे.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारपुढे पहिला प्रश्न आला तो साऱ्याचा. 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल ह्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी केली. मोजणी चुकीची आणि आकारणी भारी. रयतेने जमिनी टाकल्या. मग 1835–36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. त्यांच्या पद्धतीचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि मुंबई इलाखाभर लागू झाले. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. आपण आज ज्या गुंठ्याच्या गोष्टी करतो तो 1,089 चौरस फुटांचा गुंठा म्हणजे ह्याच साखळीचा चौरस. असे चाळीस झाले की एकर. ही सारी यातायात साऱ्यासाठी होती, आणि गावठाणाला सारा नव्हता. म्हणून काळीत साखळी फिरली आणि पांढरीच्या वेशीशी थांबली. सरकारला जेथून पैसा यावयाचा तेथवरच नकाशा गेला. ह्यात निष्काळजीपणा कसला? उलट चोख हिशेब होता.

पुढे शहरांची आणि मोठ्या गावांच्या गावठाणांची मोजणी झाली. लहान खेडी राहून गेली. त्याचा परिणाम असा की ज्या शेतकऱ्याजवळ चार एकरांचा सातबारा आहे, त्याच्याजवळ तो ज्या घरात जन्मला त्या घराचा नकाशासह कागद नाही. घरपट्टीचा उतारा असतो. पण घरपट्टी कोण भरतो एवढेच तो सांगतो, मालकी सिद्ध करीत नाही. बँक घर तारण घेताना अडते, आणि भाऊबंदकीत पडवीची हातभर जागा पिढ्यान्पिढ्या कज्जे पोसते.

आता नवे यंत्र पाहू. 20,000 किलोमीटरांहून उंच फिरणारे उपग्रह वेळ सांगत असतात; निदान चार उपग्रहांची वेळ ताडून आपल्या खिशातील यंत्र आपली जागा काढते. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले तर जागा 300 मीटरांनी चुकते, म्हणजे वाडी सोडून ओढ्यात! लष्करी हेतूने अमेरिकन सरकार ह्या संदेशात मुद्दाम चूक मिसळीत असे. मे 2000 मध्ये ते थांबले, आणि हा धंदा खऱ्या अर्थाने बाजारात आला.

यंत्र इतके नेमके झाल्यावर कोरे ठिपके भरले जावयास हवे होते. ह्या मंडळींपैकी एका बाईंना आम्ही हे विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, “गाड्या आणि फोन जिथे जास्त फिरतात तिथला रस्ता आम्हांला आपोआप कळतो. जिथे दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, तिथे कोण पैसे घालणार?” साऱ्याची जागा बाजाराने घेतली आहे, साखळी थांबते ती तेथेच, असे आम्हांस त्या वेळी वाटले.

त्यांनीच आम्हांस नैरोबीतील किबेरा ह्या झोपडवस्तीची हकिकत सांगितली. लाखभर माणसांहून मोठी ही वस्ती. पण नकाशांत तिच्या जागी कोरे रान. 2009 साली तेथील तरुण पोरापोरींनी हातात यंत्रे घेऊन आपल्या गल्ल्या, नळ, शाळा, दवाखाने स्वतः नोंदले आणि ‘ओपनस्ट्रीटमॅप’ ह्या खुल्या नकाशात घातले. हा नकाशा 2004 मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट ह्याने सुरू केला. तेथील सरकारी नकाशे उत्तम, पण मोल देऊन घ्यावे लागत. म्हणून लोकांनीच नकाशा काढावा, ही त्यामागची कल्पना.

आपल्याकडे मात्र पांढरी मोजावयास शेवटी सरकारच आले. पुरंदर तालुक्यात, मल्हारगडाच्या पायथ्याशी असलेल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग प्रथम झाला, आणि 24 एप्रिल 2020 रोजी ‘स्वामित्व’ ह्या नावाने देशभरची योजना जाहीर झाली. रीत सोपी आहे. आधी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारावयाची, मग वरून ड्रोनने छायाचित्रे घ्यावयाची, त्यावरून नकाशा, नंतर चौकशी आणि शेवटी मिळकत पत्रिका. इंदापूरच्या साखळीनंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाने हे घडले. आम्ही ह्या कामाचे स्वागतच करतो.

पण ड्रोनला हद्द दिसत नाही. त्याला चुना दिसतो. चुना मारण्याच्या दिवशी घरी कोण होते, हे त्याला कळावयाचे नाही. मुंबईस गिरणगावात गेलेल्यांची पडकी घरे, सासरी गेलेल्या बहिणीचा वाटा, विधवेची एक खोली, ही सारी पांढरीतच आहेत.

ह्या मोजणीवर काम केलेल्या एका कर्मचाऱ्याशी आमचे बोलणे झाले. दोन भावांच्या घरांमध्ये एक अंगण होते. थोरला जागेवर होता, धाकटा बाहेरगावी. थोरला म्हणाला, “मारा फक्की त्याच्या भिंतीला लागून.” आतून त्याची वृद्ध आई बाहेर आली आणि अंगणात बसूनच राहिली. बोलली काही नाही. कर्मचारी म्हणाला, “मग मी काय करणार? आजीबाईंना ऊठ कसं म्हणायचं? पुढच्या घराकडे गेलो.” त्याने ते छायाचित्र आम्हांस दाखविले. गावभर पांढऱ्या रेघा आहेत. त्या दोन घरांमध्ये नाही.