गिऱ्ह्याची हाक

दिवाळीत दारी पणत्या लागल्या की माझी पेणची आजी आम्हां मुलांना बजावायची, "खाडीकडं दिवा हलताना दिसला तर बघायचं नाही, नि नावानं कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही." बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो ओळखीच्या आवाजात बोलावून माणसाला खोल पाण्यात नेतो, ही तिची पक्की समजूत. पुढे मास्तरकीसाठी रोह्यास आलो, तो कुंडलिकेच्या काठीही गिऱ्हा माझ्याआधीच हजर!

1915 साली एन्थोवेनसाहेबांनी कोकणच्या लोकसमजुतींचे पुस्तक काढले, त्यातही भुतांच्या जाती दिल्या आहेत. सामग्री जमवली होती जॅक्सनसाहेबांनी. 1909 साली नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या, तेच हे जॅक्सन. माहिती धाडणारे पुष्कळसे खेड्यांतले शाळामास्तर. म्हणजे भुतांची ही खानेसुमारी आमच्याच व्यवसायबंधूंची!

तेव्हा गिऱ्हा जुना, सोने नंतरचे. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर निर्बंध आले, 1968 साली सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, आणि दुबईचे सोने गलबतांतून कोकणकिनारी रात्री उतरू लागले. तस्करांनी भुते निर्माण केली, असे मी म्हणणार नाही. ती तयारच होती. त्यांना फक्त कामाला लावले, असे मला वाटते. कंदील हलला की गावाने दारे लावून घ्यावीत, यापरता स्वस्त पहारेकरी कुठला?

लहानपणी मी आजीला एकदा विचारले, "आजी, गिऱ्ह्याला कंदील कशाला गं लागतो?" वाती वळणारा तिचा हात थांबला. "जेव मुकाट्यानं," एवढेच ती म्हणाली.

सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली रद्द झाला, पण रात्री दार लावून घेण्याची सवय राहिली. फेब्रुवारी 1993 मध्ये रोह्याच्या दक्षिणेस, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर असाच माल उतरला. या खेपेस त्यात आरडीएक्स होते. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले; 257 माणसे गेली. भुताला न भिणारे काही कस्टम अधिकारी आणि पोलीसही पुढे त्या खटल्यात दोषी ठरले.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. शेखाडीचे नाव ऐकल्यावर आजी त्या दिवशी जेवली नाही. त्या दिवाळीत तिने खाडीकडच्या मागल्या दारी स्वतः पणती ठेवली, आणि दार उघडे टाकून उंबऱ्यात बराच वेळ अंधाराकडे बघत बसली.