भांगेला सूट, गांजाला शिक्षा : कायदा बदलायचा तर कुठे?

गुजरातच्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत एकेकाळी भांगही येत असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मादक पदार्थांच्या यादीतून तिला वगळले. भांग हा शंकराचा प्रसाद आहे, तिची नशा गांजापेक्षा सौम्य असते आणि ती पिणाऱ्यांविरुद्ध कायद्याचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारी आहेत, अशी कारणे तत्कालीन गृहराज्यमंत्री प्रदीपसिंह जाडेजा यांनी दिली होती. त्यामुळे सुरतेत महाशिवरात्रीला भांग पिणारा दारूबंदी कायद्यातून सुटला. त्याच झाडाचा वाळलेला फुलोरा खिशात बाळगणारा मात्र आजही गुन्हेगार ठरतो. त्याला सूट देणे गांधीनगरच्या हाती नाही. त्यासाठी संसदेलाच केंद्रीय कायदा बदलावा लागेल.

हा केंद्रीय कायदा म्हणजे गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, अर्थात एनडीपीएस कायदा. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. त्यातील व्याख्या झाडाच्या अवयवांनुसार केलेली आहे. झाडापासून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. फुले किंवा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांपासून सुटी असलेली पाने आणि बिया गांजात मोडत नाहीत, आणि भांगेला वाट मिळते ती येथूनच. तिचे नियमन राज्यांकडे राहिले. ही फट योगायोगाची नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पाने या व्याख्येबाहेरच होती.

शिक्षा ठरते ती वजनावर. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, २० किलोंच्या वर ‘व्यापारी प्रमाण’. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाण बाळगल्यास कलम २० नुसार एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४ पूर्वी ही कैद सहा महिन्यांपर्यंतच होती. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. सेवनासाठी कलम २७ वेगळे असून त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे गांजा ओढल्याची शिक्षा तो जवळ ठेवल्याच्या शिक्षेहून कमी! ओढणाऱ्याच्या हातात तो आधी असणारच, याचा विसर या रचनेत पडलेला दिसतो.

सुरतेत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. यंत्रमागांवर राबणाऱ्या कामगारांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेल्यांची संख्या मोठी. उधना, लिंबायत, दिंडोलीत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे. ओडिशातून सुरतेत येणारा गांजा पकडल्याच्या आणि धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाचे पीक उपटल्याच्या बातम्या वारंवार येतात. पोत्यांनी माल आणणारा आणि बारा तासांच्या पाळीनंतर एक चिलीम ओढणारा, दोघांवरही गुन्हा याच कायद्याखाली नोंदवला जातो. कलम ६४-अ नुसार व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार स्वीकारल्यास खटल्यातून संरक्षण मिळू शकते. पण त्यासाठी उपचार केंद्र आणि वकील दोन्ही गाठावे लागतात. एका दिवसाच्या खाड्याने मजुरी बुडणाऱ्याला ते कितपत जमणार?

येथे दोन कल्पनांची गल्लत होते. विक्रीला परवाना देणे म्हणजे कायदेशीर करणे. वैयक्तिक सेवन गुन्ह्याच्या व्याख्येतून काढणे ही निराळी गोष्ट. पोर्तुगालने २००१ मध्ये दुसरा मार्ग धरला: विक्री गुन्हाच राहिली, वापरणाऱ्याला न्यायालयाऐवजी समितीपुढे नेले जाऊ लागले. भारतात पतियाळाचे खासदार धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयकाद्वारे कायद्यात बदल सुचवला होता. २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने वैयक्तिक वापरासाठीचे अल्प प्रमाण गुन्ह्यातून वगळण्याची शिफारस केल्याचे वृत्त आले. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात एनडीपीएस दुरुस्ती विधेयक आलेही, पण ते कलम २७-अ मधील चुकलेला उपकलमाचा क्रमांक सुधारण्यापुरते. त्याआधी वर्षभर, २ डिसेंबर २०२० रोजी, गांजाला संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत कडक अनुसूचीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले होते. तो ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला.

त्याच महिन्यात गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीच्या प्रस्तावावरून वाद पेटला होता. त्याचा या प्रश्नाशी संबंध दूरचा. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणासाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार राज्यांना केंद्रीय कायद्यातच आहे. मात्र ओढणाऱ्याची शिक्षा कमी करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

संसदेने हे मनावर घेतले तरी केवळ ‘अल्प प्रमाण’ वगळून भागणार नाही. १ किलो गांजा हा एकट्याच्या वापराचा साठा नव्हे. ती मर्यादा तशीच ठेवली तर पुड्या विकणाराही सुटेल. जर्मनीने २०२४ मध्ये सज्ञान व्यक्तीला सोबत बाळगण्यासाठी २५ ग्रॅमची मर्यादा घातली. आपल्याकडे वैयक्तिक वापरासाठी अशी स्वतंत्र मर्यादा ठरवावी लागेल आणि कलम २० व २७ दोन्ही एकत्र बदलावी लागतील.