पाग घेऊन उडालेले पक्षी

1982 साली मी अंबाडीजवळच्या एका पाड्यावर शिक्षिका म्हणून रुजू झाले. भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याला उतरायचं आणि पुढे शेताच्या बांधाबांधाने शाळा गाठायची. नाक्यामागे ज्या घरात मी खोली घेतली होती, तिथे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालेलं, पण वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत मुंग्या घेऊनच पोचायचं. घरातला मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, “आलं, आलं, तिथंच धर!” चित्र हललं तरी आवाज बहुतेक वेळा स्वच्छ यायचा. त्यामुळे ‘एक अनेक और एकता’ ही सात मिनिटांची फिल्म मी आधी ऐकली आणि मग पाहिली.

गोष्ट पंचतंत्रातली. दाणे टिपणारे पक्षी पारध्याच्या जाळ्यात सापडतात, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीरमित्र ते जाळं कुरतडतात. ही गोष्ट मी पाड्यावरच्या मुलांना सांगितली. जाळं म्हणजे पाग, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचे बाप तानसा नदीवर पाग टाकायचे. अडचण होती ती हिंदीची. घरात वारली बोलणाऱ्या त्या मुलांना पुस्तकातली मराठीही परकी वाटायची, तिथे हिंदी कशी कळणार? म्हणून मी पेटीवर फिल्ममधल्या गाण्याची नुसती चाल वाजवली. एकाला पुढे उभं केलं. दुसरा आला, तिसरा आला, आणि अख्खा वर्ग उभा राहिला तेव्हा ‘अनेक’चा अर्थ विचारायची गरजच उरली नाही. तिसऱ्या दिवशी मुलं ते गाणं म्हणत शाळेत येत होती. मास्तरकीतला पहिला धडा मला त्या चालीने दिला.

चाल संगीतकार वसंत देसाईंची. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या सोनवड्याचा हा माणूस 1929 मध्ये कोल्हापूरला ‘प्रभात’ फिल्म कंपनीत शिरला आणि व्ही. शांताराम यांच्या हाताखाली घडला. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ हे त्यांच्या संगीताचे गाजलेले चित्रपट. पण मला त्यांची ओळख पटते ती दुसऱ्या बाजूने. 1953 च्या अत्र्यांच्या ‘श्यामची आई’चं संगीत त्यांचं. 1971 च्या ‘गुड्डी’तली, नंतर शाळाशाळांत रुजलेली प्रार्थना त्यांची. 1974 च्या या फिल्मचं संगीतही त्यांचं. मुलांसाठी चाल बांधताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. दुसऱ्याच वर्षी, 22 डिसेंबर 1975 ला, मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले.

या फिल्मची बांधणी नीट ऐकण्यासारखी आहे. मुलगा प्रश्न विचारतो, ताई उत्तर देते, आणि बोलणं कधी गाण्यात शिरलं ते कळत नाही. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. आमच्याकडे भाताच्या आवणीला बायका चिखलात वाकून अशाच गातात. भजनातले टाळकरीही असेच झेलतात. एकाचे अनेक कसे होतात आणि अनेकांचा एक कसा होतो, हा फिल्मचा विषयच मुळी चालीत बसवलेला आहे. साधना सरगम आज मोठ्या गायिका आहेत. या फिल्मसाठी त्या लहानपणी गायल्या.

फिल्म बनवली विजया मुळे यांनी. 1921 साली मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी पाटण्यात फिल्म सोसायटीचं काम केलं आणि पुढे शिक्षणाच्या चित्रपटांना आयुष्य दिलं. चित्रं भीमसेन यांची, निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या फिल्मला मिळाला. ऑगस्ट 1975 पासून वर्षभर सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, त्यातही मुळे बाईंचा मोठा वाटा होता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्यापर्यंत ही फिल्म आली ती दूरदर्शनवर कार्यक्रमांच्या मधल्या वेळात, पुन्हा पुन्हा लागत.

फिल्मच्या शेवटी येणाऱ्या समूहगीताचे शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. 1939 साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभं करणारे मौद्गल्य हे विनायकराव पटवर्धनांचे शिष्य, आणि विनायकराव विष्णु दिगंबर पलुसकरांचे. राजवाड्यातलं गाणं साध्या माणसाच्या घरात न्यायचं म्हणून पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला पहिलं गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडच्या त्या माणसाने हाती घेतलेलं काम तीन पिढ्यांनी आमच्या पाड्यावरच्या वर्गात येऊन पोचलं, असं मी मानते.

1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली आणि मराठीतून शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम होऊ लागले. 2017 मध्ये ती बंद पडली. मला त्याचं फार वाईट वाटलं. मुलांसाठी गाणं करायला पगारी माणसं बसवणारी जागा म्हणून ती हवी होती.

आता पाड्यावरही प्रत्येक घरात फोन आहे आणि ही फिल्म त्यावर केव्हाही बघता येते. शाळांमधल्या माझ्या बहिणी-भावांना एवढंच सांगते, मुलांच्या हातात फोन देऊन बाजूला होऊ नका. परिपाठाला सात मिनिटं काढा. पेटी नसेल तर बाकावर ठेका धरा. एका मुलाला पुढे उभं करा, आणि बाकीच्यांना एकेक करून त्याच्या शेजारी येऊ द्या.