केतोनेत : दोन अंगरख्यांची कथा

सियालदह स्थानकाच्या पूर्वेस, नारकेलडांग्यात, कलकत्त्याच्या ज्यू समाजाची जुनी दफनभूमी आहे. सीरियातील हलब नगरीचा व्यापारी शालोम कोहेन १७९८ साली कलकत्त्यास आला, आणि या वसाहतीचा आरंभ झाला. ज्यू परंपरेत मृतास जी वस्त्रे चढवितात, त्यांतील सदऱ्याला हिब्रूत ‘केतोनेत’ म्हणतात. ग्रीकांचा ‘खितोन’ याच सेमिटिक शब्दकुळातला.

हा शब्द फार प्राचीन आहे. बायबलातील उत्पत्तीच्या ग्रंथात वृद्ध याकोब लाडक्या योसेफास ‘केतोनेत पस्सीम’ देतो आणि भावांच्या मनात मत्सर पेटतो. ‘पस्सीम’ म्हणजे काय? ग्रीक भाषांतरकारांनी ‘रंगीबेरंगी’ असा अर्थ घेतला. १६११ च्या इंग्रजी बायबलाने तोच रूढ केला. परंतु ‘पस’ म्हणजे तळहात वा तळपाय असे मानणाऱ्यांच्या मते तो अंगरखा लांब बाह्यांचा, पायघोळ होता. तसे असेल, तर भावांचा रोष अधिक उमगतो. पायघोळ झगा घालून कोणी मेंढरे राखीत नाही! पुढे राजकन्या तामारेच्या अंगावरही हेच वस्त्र दिसते.

मृताचे केतोनेत मात्र पांढरे व साधे असते. अंत्यविधीचा खर्च गोरगरिबांस असह्य झाला, तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःस साध्या वस्त्रातच नेण्यास सांगितले, असे तालमूद सांगतो. योसेफाच्या केतोनेताने भावाभावांत अंतर पाडले. या केतोनेतात धनिक आणि दरिद्री सारखेच दिसतात.