फारकतीचा स्टॅम्पपेपर म्हणजे घटस्फोट नव्हे : न्यायालयाची प्रक्रिया आणि हुकूमनाम्याचा शोध

आपल्या वस्त्यांमध्ये नवरा-बायकोचे पटेनासे झाले की दोन्हीकडची चार जाणती माणसे बसतात. दागिने, भांडी, सामान परत केले जाते. स्टॅम्पपेपरवर 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही' असे लिहून दोघांच्या सह्या होतात आणि वर नोटरीचा शिक्का बसतो. कुणी याला फारकत म्हणते, कुणी सोडचिठ्ठी, कुणी काडीमोड. त्यानंतर दोघेही दुसरे लग्न करून मोकळे होतात. पुढे नोकरीतील वारस नोंद, निवृत्तिवेतन, घराचा हिस्सा किंवा पोलीस तक्रार असा प्रसंग आला की कळते, कायद्याच्या दृष्टीने पहिले लग्न अजून तसेच उभे आहे.

महाराष्ट्रातील बौद्ध समाजात काम करताना आमच्याकडे हा प्रश्न सतत येतो. म्हणून कार्यकर्त्यांना हाताशी ठेवता येईल अशी माहिती येथे एकत्र देत आहोत.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो?

बौद्धांसाठी विवाह आणि घटस्फोटाचा वेगळा कायदा आज नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २ नुसार तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या नावाबद्दल समाजात नाराजी आहे आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणीही जुनी आहे. तो लढा चालू राहील, पण आज न्यायालयात जायचे तर याच कायद्याने जावे लागते. घटस्फोटाचा हक्क ज्या हिंदू कोड बिलात होता, त्यासाठी बाबासाहेब झगडले आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हेही विसरू नये. पुढे १९५५ च्या कायद्याने तो हक्क दिला.

ज्यांनी विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न केले, म्हणजे आपण ज्याला 'कोर्ट मॅरेज' म्हणतो, त्यांचा घटस्फोट त्या कायद्याने होतो. आंतरजातीय व आंतरधर्मीय जोडप्यांनी प्रमाणपत्रावर कोणत्या कायद्याचे नाव आहे ते आधी पाहावे. विहारात लग्न करून नंतर केलेली नोंदणी वेगळी आणि विशेष विवाह कायद्याखालचे लग्न वेगळे.

मग फारकतीचा कागद कशात जमा?

कलम २९ ने रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, असे सांगून स्टॅम्पपेपरचे समर्थन केले जाते. पण सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला (२००२) आणि सुब्रमणी विरुद्ध चंद्रलेखा (२००५) या निकालांत स्पष्ट केले आहे की, अशी रूढी आहे असे नुसते म्हणून चालत नाही. ती बाजू मांडणाऱ्याने ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. आता आपणच विचार करावा. जात आणि जातपंचायत सोडून आपण धम्म स्वीकारला, आणि घटस्फोटापुरती जुन्या जातीची रूढी न्यायालयात शोधायला निघालो, तर हाती काय लागणार?

२०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयानेही नोटरींना विवाह किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत असे बजावले आहे. शिक्का कितीही मोठा असला तरी नोटरी लग्न मोडू शकत नाही.

याचा फटका दोघांनाही बसतो. पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न कलम ११ व १७ नुसार शून्य ठरते. असे लग्न करणे हा गुन्हाही आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम ४९४ खाली होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. दुसऱ्या लग्नाची मुले कलम १६ मुळे औरस ठरतात, पण त्या स्त्रीचा पत्नी म्हणून वारसा आणि निवृत्तिवेतनावरचा हक्क अडचणीत येतो. सरकारी नोकरीत असलेल्याची विभागीय चौकशी होऊ शकते ती वेगळीच.

चार माणसांची बैठक वाईट नाही. तिथे ठरलेल्या अटी संमतीच्या याचिकेत लिहून न्यायालयात दिल्या तर त्याच बैठकीचे चीज होते.

घटस्फोटाचे दोन रस्ते

पहिला, परस्पर संमतीचा (कलम १३ ब). दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. दोघांनी मिळून याचिका दाखल करायची. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयात येऊन घटस्फोट मागायचा. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७) या निकालानंतर सहा महिन्यांची ही मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते. हुकूमनामा होईपर्यंत कुणालाही संमती मागे घेता येते. म्हणून पैसे, दागिने, मुलांचा ताबा आणि भेटी हे सर्व संमती-अटींमध्ये तारखांसह लिहून घ्यावे.

दुसरा, एकतर्फी मागणीचा (कलम १३). क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षे सोडून जाणे, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षे ठावठिकाणा नसणे अशी कारणे कायद्यात आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकले गेले. 'आमचे पटत नाही' एवढे कारण कायद्यात नाही. संसार पूर्ण मोडला आहे या आधारावर लग्न संपवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालात घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतःपुरता मान्य केला. खालच्या न्यायालयांना तो नाही. लग्नाला एक वर्ष होण्याआधी साधारणपणे अर्ज करता येत नाही. असह्य त्रासाच्या प्रकरणात न्यायालय परवानगी देऊ शकते.

अर्ज कुठे करायचा आणि पुढे काय होते?

मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे याचिका जाते. लग्न झाले ते ठिकाण, समोरची व्यक्ती राहते ते ठिकाण किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. पत्नी अर्ज करणार असेल तर ती सध्या राहते तिथेही करता येतो. ही तरतूद २००३ पासून आहे, त्यामुळे माहेरी आलेल्या मुलीला सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

लग्नाचा पुरावा म्हणून नोंदणी प्रमाणपत्र, ते नसेल तर पत्रिका, फोटो, विवाह लावणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र जोडतात. याचिकेनंतर समन्स, समुपदेशकाकडे भेटी, समोरच्याची लेखी कैफियत, पुराव्याचे शपथपत्र, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल असा क्रम असतो. खटला चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र देणे आवश्यक आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आहे.

खर्चाचे कारण सांगून अनेक जणी न्यायालयाची पायरी चढत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा, अथवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. पोटगी व घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने १९९४ पासून स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे.

निकाल आणि हुकूमनामा

प्रकरण संपल्यावर दोन कागद तयार होतात. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणे असतात, तर हुकूमनाम्यात लग्न कोणत्या तारखेला संपुष्टात आले ते असते. दोन्हींच्या प्रमाणित प्रती घेऊन ठेवाव्यात. कलम २८ खाली अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपेपर्यंत, आणि अपील झाले असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, दुसरे लग्न करू नये (कलम १५).

संजय गांधी निराधार अनुदान योजना, पासपोर्ट, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेचे कागद, पुनर्विवाहाची नोंदणी अशा अनेक ठिकाणी हा कागद लागतो. ग्रामपंचायत किंवा महापालिका घटस्फोटाचा दाखला देत नाही. घटस्फोटांची एखादी राज्यस्तरीय नोंदवहीही महाराष्ट्रात नाही. ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथेच नोंद सापडते.

जुनी नोंद कशी शोधायची?

१. आधी माहिती जमवा : दोघांची पूर्ण नावे, लग्नाआधीचे आडनाव, अंदाजे वर्ष, आणि वर सांगितलेली संभाव्य ठिकाणे.

२. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेने लिहून पाहा. चालू आणि निकाली, दोन्ही प्रकरणे तपासा. जिल्हा न्यायालय आणि कौटुंबिक न्यायालय दोन्हीकडे पाहा. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक हाती असेल तर प्रकरण लगेच उघडते.

३. प्रकरणाचा प्रकार ओळखा. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांत घटस्फोटाच्या याचिकेला 'ए', संमतीच्या याचिकेला 'एफ' आणि पोटगीच्या अर्जाला 'ई' असे अक्षर असते. दिवाणी न्यायालयात 'हिंदू विवाह याचिका' अशी नोंद असते.

४. संगणकावर सापडले नाही म्हणजे प्रकरण नाहीच असे समजू नका. जुन्या प्रकरणांसाठी न्यायालयाच्या कार्यालयात नोंदवही पाहण्याचा अर्ज करावा लागतो. निकाली कागद अभिलेख कक्षात असतात.

५. क्रमांक मिळाला की नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. पक्षकाराला प्रत मिळते. तिऱ्हाईताला कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज येथे उपयोगी पडत नाही. न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांनीच मिळतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

कुणी हुकूमनाम्याची झेरॉक्स दाखवली तर प्रकरण क्रमांक, न्यायालय आणि तारीख ई-कोर्ट्सवर जुळवून पाहा. खऱ्या प्रमाणित प्रतीवर न्यायालयाचा शिक्का आणि प्रत मागितल्याची व दिल्याची तारीख असते.

नकळत झालेला एकतर्फी निकाल

चुकीच्या पत्त्यावर समन्स पाठवून एकतर्फी निकाल मिळवल्याची प्रकरणेही असतात. नवरा अचानक 'आपला घटस्फोट झालाय' म्हणू लागला तर त्या बहिणीसोबत लगेच वरीलप्रमाणे शोध घ्या. समन्स रीतसर मिळालेच नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवसांच्या आत तो रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. येथे एकेक दिवस मोलाचा आहे.

कार्यकर्त्यांना विनंती

वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जात 'घटस्फोटित' असा रकाना असतो. त्याखाली न्यायालय, प्रकरण क्रमांक आणि हुकूमनाम्याची तारीख असे तीन रकाने वाढवा. विहारात पुनर्विवाह लावण्याआधी प्रमाणित प्रत पाहा. विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. त्यात दोन्ही घरांचे संरक्षण आहे.

पण पाहिलेला कागद व्हॉट्सॲप गटात फिरवू नका. कलम २२ नुसार वैवाहिक खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होते आणि त्यातला मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. हुकूमनामा लग्न संपल्याची खात्री करण्यापुरता पाहायचा, कुणाच्या संसाराचा पंचनामा करायला नाही.

आपल्या वस्तीत ज्यांच्याकडे फक्त स्टॅम्पपेपर आहे, त्यांना या महिन्यातच विधी सेवा कार्यालयात घेऊन जा. दोघांची संमती असेल तर आजही परस्पर संमतीची याचिका दाखल करता येते.

जय भीम!